नाव खोडलं, तरी ओळख उरते

केसपेपरवरचं नाव खोडलं, की रुग्ण अनोळखी होतो का? नाही. जन्मतारीख, गाव आणि एखादा दुर्मीळ आजार, एवढ्यावरूनही तो ओळखता येतो. मग अशा नोंदींवर संशोधन कसं करायचं?

ब्रिटनमध्ये रुळलेली पद्धत जुन्या पोथ्यांच्या ग्रंथालयासारखी आहे. पोथी तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची नाही. नोंदी सुरक्षित संगणकात राहतात आणि परवानगी मिळालेला संशोधक विश्लेषणही त्यातच करतो. बाहेर जातात ते फक्त निष्कर्ष, तेही तपासून. तक्त्याच्या एखाद्या रकान्यात दोन-तीनच माणसं असतील, तर तो आकडा झाकतात. माणूस, प्रकल्प, जागा, माहिती आणि निष्कर्ष, हे पाचही सुरक्षित असावे लागतात.

पण प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असले, तर एकीने दुसरीवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून डंडी विद्यापीठ, ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट आदी संस्थांनी २०२३ मध्ये सर्वांसाठी एक खुलं मानक तयार केलं. त्यावर कोणतीही संस्था स्वतःची व्यवस्था पारखू शकते.

तुमच्या आरोग्याची माहिती कुणी संशोधनासाठी मागितली, तर ती जरूर द्या. पण ती कुठे राहील आणि तिच्यातलं काय बाहेर जाईल, हे आधी विचारा.