बोईसरचा माणूस कोणाच्या टीममध्ये?

ज्यांनी हा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या पुण्याच्या ऑफिसपासून. टेनिस बॉलची मॅच ठरली, 'मुंबई विरुद्ध उरलेला महाराष्ट्र'. एक्सेल शीटमध्ये प्रत्येकाने आपलं नाव टाकायचं. मी मुंबईच्या रकान्यात टाकलं, तर डोंबिवलीचा एक जण म्हणाला, "अरे, तू बोईसरचा ना? ते कुठे मुंबईत?" (डोंबिवलीकराने हे म्हणावं!) मग मी दुसऱ्या रकान्यात गेलो. तिथे सांगलीवाला म्हणाला, "तुम्ही लोकलवाले, तिकडेच जा." हसून सोडून दिलं, पण डोक्यात राहिलं. कारण याच प्रश्नावर ऑस्ट्रेलियात एक अख्खी स्पर्धा उभी आहे.

तिथे रग्बी लीग नावाचा खेळ आहे. बाजूला तेरा खेळाडू. बॉल घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडायचं आणि सहा पकडी झाल्या की बॉल समोरच्यांकडे. आपल्या कबड्डीची पकड डोळ्यासमोर आणा, फक्त मैदान फुटबॉलएवढं. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड ही दोन राज्यं यात कित्येक वर्षं एकमेकांशी खेळत होती, पण नियम असा होता की आज तुम्ही ज्या राज्याच्या क्लबकडून खेळता, त्याच राज्याचे तुम्ही.

गोची इथेच होती. न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना जुगाराची मशीन ठेवायला 1956 पासून परवानगी होती, क्वीन्सलंडमध्ये नव्हती. त्यामुळे पैसा सिडनीच्या क्लबांकडे, आणि क्वीन्सलंडची चांगली पोरं वीस-बावीस वर्षांची झाली की सिडनीला. दरवर्षी क्वीन्सलंड हरायचं, आणि हरवणाऱ्यांत त्यांचेच दोन-चार असायचे.

1980 साली मालिकेतल्या पहिल्या दोन मॅच जुन्याच नियमाने झाल्या आणि न्यू साउथ वेल्सने दोन्ही जिंकल्या. निकाल लागून गेलेला. मग तिसरी मॅच प्रयोग म्हणून नव्या नियमाने खेळवायचं ठरलं: आज कुठे खेळतोस ते सोड, मूळचा कुठला ते सांग. 8 जुलै 1980, ब्रिस्बेनचं लँग पार्क. 'स्टेट ऑफ ओरिजिन'ची पहिली मॅच ती हीच.

क्वीन्सलंडचा कॅप्टन होता आर्थर बीट्सन. वय 35. जन्म क्वीन्सलंडमधल्या रोमा गावचा, पण 1966 पासून सिडनीत. न्यू साउथ वेल्सकडून खेळला, ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन झाला. आपल्या राज्याचा शर्ट मात्र कधी घातला नव्हता. तोवर तो पॅरामॅटा क्लबच्या राखीव संघात जाऊन पोचला होता. अनेकांना वाटत होतं की हा तमाशा आहे, एकाच क्लबातले लोक एकमेकांविरुद्ध मनापासून थोडेच खेळणार? मग मॅचमध्ये धुमश्चक्री झाली आणि बीट्सनने आपल्याच क्लबच्या मिक क्रोनिनला हाणलं. या ठोशाची गोष्ट वर्षानुवर्षं सांगून सांगून फुगली आहे, पण लोकांना जे कळायचं ते त्या दिवशी कळलं. त्याच दिवशी विसावा वाढदिवस असलेल्या मॅल मेनिंगाने सातपैकी सात किक गोल केल्या. क्वीन्सलंड 20-10 ने जिंकलं. माणसं तीच, बदलला तो फक्त निवडीचा नियम. आमच्या भाषेत, कोड तोच, एक इफ कंडिशन बदलली.

आता घरी येऊ.

रणजीत महाराष्ट्राच्या तीन टीम आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, पण क्रिकेटच्या नकाशात आम्ही त्याआधीपासून मुंबईत. पालघर डहाणू तालुका स्पोर्ट्स असोसिएशन मुंबईच्या क्लब स्पर्धांत खेळते. म्हणजे एक्सेल शीटमध्ये मीच बरोबर होतो! पण नकाशात असणं वेगळं आणि पहाटेची गाडी पकडून, किटबॅग सांभाळत, दारात उभं राहून चर्चगेटला पोचणं वेगळं. शार्दूल ठाकूर पालघरहून हेच करायचा. शाळेच्या सामन्यात तो कोच दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर रणजी फायनल झाली, मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईची पहिली इनिंग 224 वर संपली, त्यात शार्दूलचे 75. मुंबई 169 रननी जिंकली.

त्याच जिल्ह्याचं दुसरं टोक विरार. तिथे वाढलेला पृथ्वी शॉ मुंबईच्या टीममधली जागा गेल्यावर 2025 मध्ये महाराष्ट्राकडे गेला. आपल्याकडे मूळ गाव बघत नाहीत. जुन्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, की झालं. ऑक्टोबरमध्ये सराव सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने 181 मारले आणि आउट झाल्यावर जुन्या सोबत्यांशी बाचाबाचीही झाली. मला लगेच बीट्सन आठवला, फक्त उलटा. तो घरच्यासाठी क्लबवाल्याला भिडला, हा नव्या टीमसाठी घरच्यांना.

ऑस्ट्रेलियाचा आजचा नियम आपल्याकडे लावून बघा, गंमत येते. तिथे जन्म त्या राज्यात हवा, किंवा तेराव्या वाढदिवसाआधी तिथे राहिलेला हवा, किंवा वडील त्या राज्याकडून खेळलेले हवेत. यशस्वी जयस्वाल भदोहीचा, पण तेराच्या आत आझाद मैदानात पोचलेला, तर मुंबईचा धरता येईल. अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गोव्याकडे गेला. तो तर जन्माने आणि वडिलांमुळे, दोन्हीकडून मुंबईचा.

पण मला हा नियम सरसकट पटत नाही. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी सलग दोन वर्षं रणजी जिंकली. कॅप्टन नागपूरचा फैज फझल, पण बरोबर मुंबईचा वसीम जाफर आणि कोच मुंबईचेच चंद्रकांत पंडित. क्वीन्सलंडची माणसं बाहेर जात होती म्हणून त्यांना मूळ गावाचा नियम लागला. विदर्भात माणसं बाहेरून येत होती. तोच नियम लावला असता तर त्यांचं नुकसान झालं असतं.

आणि बोईसरमध्ये 'मूळचा कुठला' हे विचारणंच अवघड आहे. माझे बाबा चाळीसगावचे, तारापूर एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून आले. क्रिकेटच्या हिशेबात बाबा महाराष्ट्राचे, मी मुंबईचा, एकाच वन बीएचकेमध्ये. शेजारी बिहारचे, वरती केरळचे, आमची गल्ली म्हणजे अख्खी रणजी ट्रॉफी. माझ्या वर्गातला एक मित्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, अक्करपट्टीचा. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, पुनर्वसन दुसरीकडे केलं. फॉर्मवर 'मूळ गाव' लिहायची वेळ आली की तो पेन थांबवायचा. आमच्यात सगळ्यात इथला तोच, आणि अडायचा तोच.

बाबांना फोनवर विचारलं, मुंबई-महाराष्ट्र मॅच असली तर तुम्ही कोणाकडून? म्हणाले, "शार्दूल खेळतोय का?" खेळतोय म्हटलं. "मग मुंबई. आपल्या गाडीतला पोरगा आहे."

शनिवारी ऑफिसची मॅच झाली. मी मुंबईकडून खेळलो. सात रन केले आणि रनआउट झालो. अर्ध्यातून परत पाठवणारा नॉनस्ट्रायकर डोंबिवलीचा होता.