तराजूवरचा संगणक

जालन्यास भंगाराचें मोल फार. येथील भट्ट्यांतून जुनें लोखंड वितळवून इमारतीच्या सळ्या काढल्या जातात, आणि त्या सळ्यांवर दूरदूरचीं घरें उभीं राहतात. त्यामुळें मोडकी सायकल असो, गंजलेली कोठी असो, आमच्या गांवांत कोणतीही लोखंडी वस्तु फार दिवस बेवारशी पडून राहत नाहीं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण कापसाच्या व्यापाराच्या दिवसांची असेल. हल्लीं तो पाळणा लोखंडाचा झाला आहे, एवढेंच.

दोन उन्हाळ्यांपूर्वीं घरांतील निकामी कूलरची पत्र्याची पेटी देण्यासाठीं मी भाच्यास बरोबर घेऊन जुन्या जालन्यांतील एका भंगाराच्या दुकानीं गेलों होतों. आमच्या आधीं तराजूवर एक संगणक चढला होता. रंग पिवळटलेला, अंगावर बोटभर धूळ, आणि दर्शनी बाजूस ‘टर्बो’ अशीं अक्षरें असलेलें एक लहानसें बटण. भाच्यानें माझा हात धरला व हळूच म्हणाला, “मामा, हा आपण घेऊं या. कूलरच्या पैशांतच येईल.” कूलर गेला आणि संगणक घरीं आला. एक भंगार देऊन दुसरें घरांत आणल्याबद्दल घरच्या मंडळींनीं जें म्हटलें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

पेटी उघडल्यावर आंत इंटेल कंपनीचा ‘४८६’ निघाला. ही जात १९८९ सालीं बाजारांत आली व पुढील पांच-सात वर्षें आपल्याकडील कचेऱ्यांतून आणि थोड्याबहुत सुखवस्तु घरांतून नांदली. आज तिला विचारतो तो मुख्यत्वेंकरून भंगारवाला. कारण तिच्या चिपेच्या पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो व तो काढून विकणारे लोक आहेत. पाळण्यांत सोनें अगदींच नाहीं असें नव्हे!

आतां कोणी विचारील कीं, असें यंत्र दुरुस्त करून करावयाचें काय? भाच्याचें उत्तर सरळ होतें: “खेळावयाचें.” त्या काळचे खेळ त्या काळच्या यंत्रावर. यावर माझा आक्षेप असा कीं, ‘डॉसबॉक्स’ नांवाची योजना २००२ सालापासून फुकट मिळते. ती नव्या संगणकास जुन्याचें सोंग घ्यावयास लावते व बहुतेक सर्व जुने खेळ त्यावर चालतात. मग हा खटाटोप कशासाठीं? ज्यास घाई आहे त्यानें सोंगच वापरावें, असें मी आजही म्हणतों. परंतु पुढें महिना-दोन महिने त्या पेटीशेजारीं बसल्यावर माझें मत थोडें बदललें, आणि त्याचीं कारणें सांगण्याजोगीं आहेत.

पहिलें कारण तें ‘टर्बो’ बटण. १९८१ च्या मूळ आयबीएम संगणकाचें हृदय सेकंदास ४७ लक्ष ७० हजार ठोके देत असे. त्या वेळच्या अनेक कारागिरांनीं आपले खेळ त्या ठोक्यांवरच बेतले. घड्याळ निराळें ठेवलेंच नाहीं. पुढें यंत्रें जलद झालीं तेव्हां ते खेळ इतके धांवूं लागले कीं, शत्रु दिसण्यापूर्वींच खेळणारा मरूं लागला. म्हणून यंत्राची गति मुद्दाम कमी करण्यासाठीं हें बटण बसविलें गेलें; नांव मात्र त्याला वेगाचें दिलें. व्यापाऱ्यांचा विनोदच म्हणावयाचा.

दुसरें कारण चित्राचें. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आज चाळिशी-पन्नाशींत असलेल्या पुष्कळांनीं कचेरींत चोरून खेळला असेल. जॉर्डन मेक्नर या तरुणानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून एकेक आकृति गिरविली. १९८९ सालीं खेळ निघाला व पुढील वर्षीं आयबीएमच्या जातीच्या संगणकांवर आला. त्याचें चित्र आडवें ३२० व उभें २०० ठिपक्यांचें. जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हे ठिपके किंचित् उभट पडत. नव्या सपाट पडद्यावर तेच ठिपके चौरस पडूं दिले, तर राजपुत्र बुटका व लठ्ठ दिसतो. सोंगाच्या योजनेंत हा दोष सुधारतां येतो. परंतु दोष आहे हें कळण्यासाठीं मूळ राजपुत्र कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. माझ्या भाच्यानें तो कधींच पाहिला नव्हता. मूळ यंत्र चालू स्थितींत असण्याचें महत्त्व मला तेव्हां पटलें. पाठ शुद्ध करावयाचा तर मूळ पोथी हाताशीं हवी, तशांतलाच हा प्रकार.

आतां दुरुस्तीविषयीं. असें यंत्र सांपडतांच बटण दाबून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. प्रथम पेटी उघडून बॅटरी पाहावी. ४८६ च्या व त्याआधींच्या पुष्कळ मदरबोर्डांवर तारीख-वेळ लक्षांत ठेवण्यासाठीं निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची लहान बॅटरी झाळलेली असते. तीस वर्षांनीं ती फुटते व तींतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र क्षार बोर्डावर पसरून तांब्याच्या रेघा खाऊं लागतो. संगणक माळ्यावर निजलेला असतो आणि क्षाराचें काम चालूच असतें! वापरानें मेलेलीं यंत्रें मीं थोडीं पाहिलीं; जपून ठेवल्यामुळें मेलेलीं पुष्कळ. आमच्या बोर्डावरही कोपऱ्यांत हिरवट-निळा थर होता. भाच्यानें बॅटरी कापून काढली, क्षार मारण्यासाठीं स्वयंपाकघरांतील व्हिनेगर कापसानें लावलें, मग शुद्ध अल्कोहोलनें पुसून बोर्ड दोन दिवस वाळविला. तीन रेघा तुटल्या होत्या. मोटारी भरणाऱ्या कारागिराकडून आणलेली केसाएवढी तांब्याची तार कथिलाचा डाग देऊन त्यांच्या जागीं बसविली. नवी बॅटरी नाण्याच्या आकाराची घातली. ती पुनः भारित करावयाची नसते. म्हणून बोर्डाकडून उलट वीज येऊं नये यासाठीं मध्यें एक डायोड घालावा लागतो. हें विसरल्यास नवी बॅटरीही फुटावयाची.

एसएमपीएसपासून मदरबोर्डास येणारे दोन जोड एकसारखे दिसतात व उलट बसतात. तसे बसले तर बोर्ड क्षणांत जळतो. दोहोंच्या काळ्या तारा मध्यें एकमेकींस लागून याव्यात, एवढी खूण लक्षांत ठेवली म्हणजे पुरे. काचेच्या नळीचा मॉनिटर मात्र हौशी माणसानें उघडूंच नये. वीज बंद केल्यावरही आंत हजारों व्होल्टांचा सांठा राहतो, आणि तो जीवघेणा असतो. आमचा मॉनिटर आम्हीं जुन्या टीव्हींच्या जाणत्या कारागिराकडे दिला.

मूळ हार्ड डिस्क खडखडत होती. तिच्या जागीं कॅमेऱ्यांत घालीत तें कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड एका लहानशा जोडावर बसविलें. या कार्डाची व जुन्या डिस्कची भाषा मुळांत एकच असल्यामुळें संगणकास फरक कळतही नाहीं. फ्लॉपींचें दुःख मोठें. कित्येक पावसाळे काढलेल्या तबकड्यांवर बुरशी धरली होती. वीसांपैकीं सहा वाचतां आल्या. पिवळटपणासाठीं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्लॅस्टिक उन्हांत ठेवण्याचा उपाय सर्वत्र प्रसिद्ध आहे. हातमोजे घालून तो मीं स्वतः केला. जालन्याच्या मे महिन्यांतील ऊन या कामीं कोणत्याही दिव्यास हार जाणारें नाहीं. रंग उजळला, पण तो कालांतरानें पुनः पिवळा होतो असा अनुभव आहे.

या छंदाचा आपल्या देशाशीं संबंध काय, असें वाटणाऱ्यांस एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें ‘क्लास’ नांवाचा उपक्रम काढून सुमारें २५० शाळांस ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक दिले. हें यंत्र ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचें, ३२ किलोबाइट स्मृतीचें. याच यंत्रावर केंब्रिजमध्यें शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोघांनीं १९८४ सालीं ‘एलाइट’ नांवाचा खेळ रचला. त्यांत ८ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ ग्रह. प्रत्येक ग्रहाचें नांव, राज्यपद्धति, बाजारभाव हें सर्व साठवून न ठेवतां एका लहानशा आंकड्यापासून गणितानें जागच्या जागीं निर्माण होतें. ज्यांस काटकसर हा गुण वाटतो त्यांनीं हें अवश्य पाहावें. शाळांतून आलेलीं तीं यंत्रें आज कोठें असतील? जीं कोठें कपाटांत असतील, त्यांच्या एसएमपीएसमधील कागदी कपॅसिटर ओल शोषून तडकलेले असण्याचा फार संभव आहे; सरळ वीज दिली तर खोली धुरानें भरून जाते. तो धूर पाहून घाबरलेला मनुष्य यंत्र फेंकून देतो, आणि दोष मात्र दोन स्वस्त कपॅसिटरांचा असतो.

अमेरिकेंत याच्या उलट उदाहरण आहे. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील विद्यापीठांत ‘पीडीपी-१’ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला गेला. त्या जातीचीं यंत्रें अवघीं ५३ झालीं. कॅलिफोर्नियांतील संगणक-संग्रहालयानें स्वयंसेवकांकरवीं त्यांतील एक दुरुस्त करवून चालू केलें, आणि त्यावर तोच खेळ पाहुण्यांस दाखविण्यांत आला. तो रचणाऱ्यांपैकीं स्टीव्ह रसेल हे वृद्धपणीं स्वतः तेथें येत.

आमच्या ४८६ वर राजपुत्र आतां योग्य उंचीनें धांवतो. माझ्या मातोश्री संध्याकाळीं खुर्ची ओढून बसतात आणि तो खांचेंत पडला कीं, “अरे, पाहून चाल ना!” म्हणून त्यासच रागें भरतात. आवाजाचें कार्ड अद्याप मधूनमधून मुकें होतें. त्याचा दोष सांपडलेला नाहीं.

भंगाराचा दुकानदारही आतां आमच्या परिचयाचा झाला आहे. असली एखादी पेटी आली कीं, तराजूवर घालण्याआधीं तो भाच्यास फोन करतो. मागील महिन्यांत त्यानें एक जुना कीबोर्ड बाजूस काढून ठेवला होता. त्याचे पैसे मात्र वजनावर घेतले नाहींत, नगावर मागितले.