वजन काट्यावर बरोबर, तरी हृदयाला धोका : परदेशातल्या आपल्या माणसांनी पोटाचा घेर का मोजायचा?

गावागावांतून मुलं-मुली नोकरीसाठी लंडन, अमेरिका, दुबईला गेली आहेत. व्हिडिओ कॉलवर पोरगा दिसला की घरचे म्हणतात, “तब्येत चांगली झालीये हो!” गाल भरलेत, पोट थोडं पुढं आलंय, पण जाड काही दिसत नाही. मग काळजी कशाची? डॉक्टर म्हणतात, काळजी नेमकी त्या ‘थोड्या’ पोटाचीच आहे.

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या भागातून परदेशात गेलेल्या लोकांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे अनेक वर्षांपासून दिसून आलं आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू तिथल्या एकूण लोकसंख्येपेक्षा सुमारे ४० ते ५० टक्के जास्त होते.

सिगारेट नाही, मांसाहार नाही, तरीही?

सुरुवातीला डॉक्टरही कोड्यात पडले. या लोकांत पंजाबी होते, गुजराती होते, बांगलादेशी होते. प्रत्येकाचं जेवण वेगळं. कित्येक जण शाकाहारी आणि सिगारेटही न ओढणारे. तरी धोका सगळ्यांनाच.

पश्चिम लंडनमध्ये साउथॉल आणि आसपासच्या भागात हजारो लोकांची तपासणी झाली. १९९१ साली त्याचे निष्कर्ष आले. गोऱ्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण ४ टक्के, तर दक्षिण आशियाई लोकांत १९ टक्के. आणखी एक गोष्ट दिसली. उंचीच्या मानाने वजन सारखंच असलं, तरी आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती जास्त साठलेली होती.

पोटातली चरबी काय करते?

जास्तीचं खाल्लेलं शरीर चरबी म्हणून साठवतं. आधी ती त्वचेखाली जाते. दक्षिण आशियाई शरीरात ही त्वचेखालची जागा लवकर भरते, असं संशोधक मानतात. मग उरलेली चरबी आत जाते, आतड्यांभोवती आणि यकृतात. कणगी भरली की धान्य बाहेर सांडतं, तसंच हे.

त्वचेखालची चरबी तेवढी त्रास देत नाही. आतली चरबी मात्र इन्सुलिनचं काम बिघडवते. साखर वाढते, रक्तातली चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि हळूहळू हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात.

पुण्याच्या डॉक्टरांनी दाखवलेला फरक

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं घेतली आणि २००४ साली प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे दोघंही सारखेच सडपातळ, पण आतली गोष्ट वेगळी.

याची सुरुवात जन्माआधीच होते, असंही दिसलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकून राहिलेली. अशा शरीराला पुढे परदेशात बसून काम, गाडीने प्रवास, रात्रपाळी आणि पाकीटबंद खाणं मिळालं की पोट सुटायला वेळ लागत नाही. गावातही आता दारात मोटारसायकल अन् हातात मोबाईल आहे, त्यामुळे धोका फक्त परदेशातच आहे असं नाही.

दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत साधारण ५९ व्या वर्षी, असं एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. म्हणजे घर चालवणारा माणूस ऐन जबाबदारीच्या वयात अडकतो.

आपल्यासाठी आकडे वेगळे

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. युरोपीय लोकांसाठी २५ च्या पुढे वजन जास्त मानतात. आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवलं. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला २३ म्हणजे साधारण ६५ किलो आणि २५ म्हणजे ७० किलो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे शिंप्याकडचा टेप:

• शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. पॅन्टच्या पट्ट्याचं माप चालत नाही.
• श्वास सोडल्यावर मोजा, पोट आत ओढू नका.
• पुरुषांचा घेर ९० सेंमी (साधारण साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांचा ८० सेंमी (साडेएकतीस इंच) यापेक्षा जास्त असेल तर तपासणी करून घ्या.

काय करायचं?

परदेशातल्या मुलांनी तिथल्या डॉक्टरांना आपण दक्षिण आशियाई आहोत आणि घरात कुणाला हृदयविकार किंवा मधुमेह आहे, हे आपणहून सांगावं. अमेरिकेत २०१८ पासून कोलेस्टेरॉलच्या उपचाराचा निर्णय घेताना ही गोष्ट धोका वाढवणारी म्हणून धरतात. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासायला चाळिशीची वाट पाहू नये.

गावात ३० वर्षांवरील सर्वांची बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात पोटाचा घेरही विचारलेला असतो. तो अंदाजे सांगू नका, मोजून सांगा.

रोज अर्धा तास भरभर चालणं, तळलेलं आणि गोड कमी, ताटात भात-पोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, भाजी जास्त, तंबाखू पूर्ण बंद. वजन चार-पाच किलोनं उतरलं तरी आतली चरबी बरीच कमी होते.

छातीवर दाब, दरदरून घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, असं झालं तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी थांबू नका. इकडे १०८, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ वर लगेच फोन करा.

पुढच्या व्हिडिओ कॉलला “जेवलास का?” विचाराल, तेव्हा “पोटाचा घेर मोजलास का?” हेही विचारा.