परदेशवास आणि शिक्षक

एखादा शिक्षक परदेशी राहून आला म्हणजे गावात पहिली चौकशी होते ती त्याने काय आणले याची. चार पैसे गाठीस बांधले, एखादी पदवी मिळविली, असे कळले की लोकांचे समाधान होते. परंतु तोच शिक्षक पुन्हा फळ्यासमोर उभा राहिला म्हणजे यांपैकी फारच थोडे मुलांच्या उपयोगी पडते. उपयोगी पडते ती निराळीच वस्तू. ती कोणती, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

बारामतीहून पुण्यास जाणारी आगगाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरून जाते. त्या गावी पंडिता रमाबाईंनी वसविलेली मुक्ती ही संस्था आहे. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. अशी ही विदुषी १८८३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आपल्या चिमुकल्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेली आणि तेथे नव्याने विद्यार्थिनी झाली. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवीत आणि दुसरीकडे स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्र शिकत. कानांनी त्यांस कमी ऐकू येई. त्यामुळे वैद्यक शिकण्याचा मूळ बेतही सोडावा लागला. परक्या भाषेत, अधू कानांनी धडा समजून घेणे म्हणजे काय, हे या पंडितेने स्वतः अनुभविले.

तेथे आणखी एक गोष्ट घडली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. स्वदेशी पुरुषांच्या भरसभांत व्याख्याने दिलेल्या रमाबाईंस हे मुळीच रुचले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहून कळविले. बंधने आपल्याच देशात आहेत अशी समजूत घेऊन जो परदेशी जातो, त्यास तेथील बंधनेही दिसू लागतात. मग तो परदेशाची पूजाही करीत नाही व निंदाही करीत नाही, पारखून घेतो.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. १८८९ साली त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात तेथील स्त्रियांच्या संघशक्तीची वाखाणणी आहे, तशीच कृष्णवर्णीयांस मिळणाऱ्या वागणुकीबद्दल नापसंतीही आहे. त्याच वर्षी ११ मार्च रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. येथे त्यांनी विलायतेची नक्कल केली नाही. बालोद्यानाची रीत घेतली, पण मुलींचे जेवणखाण व राहणी त्यांच्या घरच्या चालीप्रमाणे राहू दिली. स्वतः त्या विलायतेतही शाकाहारीच राहिल्या होत्या. मन न दुखविता शिकविणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. पुढे दुष्काळात आश्रयास आलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावी अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम व छापखान्याचे कामही शिकविले गेले, कारण त्या मुलींस त्याची गरज होती.

तात्पर्य, परदेशवासाने शिक्षकास मिळते ते हे की तो काही काळ स्वतः अडाणी होतो. रस्ता विचारावा लागतो, शब्द चुकतो, लोक हसतात. ज्याला हे स्मरते, तो मुलाच्या चुकीकडे निराळ्या नजरेने पाहतो.

यासाठी विलायतच गाठली पाहिजे असे नाही. आमच्या ओळखीचे एक गणिताचे शिक्षक मालदीव बेटांत दोन वर्षे शिकवून परत आले. तेथील मुलांची घरची भाषा दिवेही. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. पहिल्या दिवशी हजेरी घेताना गुरुजींचा प्रत्येक उच्चार चुकला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. पुढे त्यांनी नेहमीचे उदाहरण घातले : एक आगगाडी दौंडाहून ताशी ४० किलोमीटर वेगाने सुटते. मुले गप्प. गुरुजींस वाटले, मुलांस काळ, काम, वेग येत नाही. मग ध्यानात आले की त्या देशात आगगाडीच नाही! दुसऱ्या दिवशी त्यांनी आगगाडीच्या जागी त्या बेटांवरची धोणी नावाची नाव घातली, आणि अर्ध्या वर्गाचे हात वर झाले. त्रैराशिक तेच होते. फक्त ते मुलांच्या दारात आले होते.

आता आमचीच एक चूक सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी आम्ही इंदापूर तालुक्यातील एका शाळेत शिकवीत होतो. दरसाल दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी बीडकडील कुटुंबे बैलगाड्यांतून येतात व कोप्या घालून राहतात. अशाच एका बिऱ्हाडातील मुलगी आमच्या वर्गात आली. तिच्या बोलीतील एखाद्या शब्दास मुले हसली की ती दिवसभर तोंड उघडत नसे. आम्ही तिला मागच्या बाकावर बसविले आणि मनाशी ‘मंद’ असा शेरा मारून मोकळे झालो. गाळप संपले, कोप्या मोडल्या, ती निघून गेली. मागे तिची वही राहिली.

ती वही आम्ही सहज त्या गणिताच्या शिक्षकांस दाखविली. शेवटच्या पानांवर बापाचा हिशेब होता : मुकादमाकडून घेतलेली उचल, रोज भरलेल्या उसाची टनावारी, तिची मजुरी, आणि फिटावयाची राहिलेली रक्कम. हातच्यांसकट सारी वजाबाकी बिनचूक. गुरुजी एवढेच म्हणाले, “हिला गणित येत होते. आपण तिला तिच्या हिशेबातले कधी विचारलेच नाही.” आम्ही परदेशी कधी गेलो नव्हतो, ते गेले होते. त्या दिवशी आम्हास दोघांतील फरक कळला. ती मुलगी पुन्हा त्या शाळेत आली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक पुढे परदेशी जाल. तेथे तुमच्या उच्चारास कोणी हसले म्हणजे तुम्हास वाईट वाटेल. तेव्हा आपल्या वर्गात दिवाळीनंतर येऊन बसलेले मूल आठवा. आणि जाण्याची वाट न पाहता, ते मूल येईल त्याच दिवशी त्यास आपल्या बाकावर जागा द्या.

आईबापांसही आमची एक विनंती आहे. शिक्षक परदेशाहून आला म्हणजे त्याने काय आणले हे जरूर विचारा. पण त्याबरोबर वर्गात मागे बसणाऱ्या मुलाशी तो आता कसा बोलतो, हेही विचारा.