खडीवरून चालणारी माणसं

कसारा घाटात गाडी हळू झाली की खिडकीतून बाहेर बघा. खांद्यावर हातोडा-पाना, हातात झेंडा, असा एखादा माणूस रुळाकाठी थबकलेला दिसेल. तो कीमन. आपल्या हद्दीतले रूळ रोज पायी तपासायचे, निसटलेली क्लिप ठोकून बसवायची. ऐकायला सोपं! पण खडी पायाखाली सरकते, घोटे मुरगळतात, गुडघे बोलायला लागतात. उन्हाळ्यात लोखंड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि काम त्याच्यावरच वाकून. सर्वांत वाईट पावसाळा. पावसाच्या आवाजात आणि एका रुळावरच्या गाडीच्या धडधडाटात दुसरीचा हॉर्न बुडतो, घात तिथेच होतो. रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या अनिल काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालात २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर दगावल्याची नोंद आहे. (किती बातम्या आठवतात?)

अपघात टळला तरी डिझेल इंजिनांजवळ राबणाऱ्यांना धूर चुकत नाही. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच सांगितलं. आणि इंजिन चालवणारे लोको पायलट? कित्येक इंजिनांत स्वच्छतागृहच नाही. म्हणून ड्युटीआधी पाणी पिणंच टाळायचं, महिला पायलटनी तर जास्तच. केबिन उन्हात भट्टीसारखी तापलेली असली तरी.