खो-खोचा विश्वविजय आणि आपली घरे

१९ जानेवारी २०२५ हा दिवस देशी खेळांच्या इतिहासात आवर्जून नोंदून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. त्या दिवशी दिल्ली येथील इंदिरा गांधी क्रीडागृहात खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेचा समारोप झाला, आणि भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी अजिंक्यपद संपादन केले. भोगीच्या दिवशी, म्हणजे १३ तारखेस, स्पर्धेस प्रारंभ झाला होता. संक्रांतीच्या तिळगुळाचे डबे रिते होतात न होतात तोच दोन्ही चषक घरात आले. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, चार दिवस सत्कारसमारंभ झाले, आणि मग क्रिकेटच्या नित्याच्या गजरात हा विषय मागे पडला. आमच्या मते तो इतक्या सत्वर मागे पडण्याजोगा नव्हता. त्यात आनंदाचा भाग आहे तसा विचाराचाही आहे, आणि तो विचार आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांशी निकट संबंध असलेला आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढे पुन्हा मांडीत आहो.

प्रथम प्रत्यक्ष स्पर्धेचा वृत्तान्त. तेवीस देशांतून पुरुषांचे वीस व महिलांचे एकोणीस संघ दिल्लीस आले होते. ब्राझील, पेरू, दक्षिण आफ्रिका, इराण, दक्षिण कोरिया ह्या देशांतील तरुण-तरुणी ‘खो’ हा अस्सल मराठी उच्चार करीत एकमेकांच्या पाठीवर थाप देत आहेत, हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांस कोणी सांगितले असते तर त्यांनी ती थट्टाच समजली असती. आपल्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाचा १७५ विरुद्ध १८ असा पराभव केला. पुढे इराण व मलेशिया ह्यांच्याविरुद्ध प्रत्येकी १०० गुण झाले. उपांत्यपूर्व सामन्यात बांगलादेश १०९-१६ असा, तर उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिका ६६-१६ असा हरला. अंतिम सामना नेपाळशी होता. पहिल्या पाळीत आपल्या मुलींनी ३४ गुण मिळविले. दुसऱ्या पाळीत नेपाळने २४ गुण करून चुरस निर्माण केली. परंतु तिसऱ्या पाळीअखेर भारताचे ७३ गुण झाले, आणि शेवटच्या पाळीत चैत्राच्या तुकडीने दीर्घ काळ तग धरून आणखी पाच गुणांची भर घातली. अखेरचा गुणफलक ७८-४० असा होता.

पुरुषांची वाट मात्र इतकी निष्कंटक नव्हती. सलामीच्या सामन्यातच नेपाळने त्यांस पेचात धरले, आणि भारताचा विजय ४२-३७ असा अवघ्या पाच गुणांचा ठरला. त्यानंतर ब्राझील, पेरू व भूतान ह्यांवर मात झाली. श्रीलंकेविरुद्ध १०० गुण झाले. दक्षिण आफ्रिकेने ६२-४२ अशी बरी झुंज दिली. अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळच समोर उभा राहिला. तेव्हा मात्र आपल्या मुलांनी पहिल्या पाळीतच २६ गुणांची आघाडी घेतली व सामना ५४-३६ असा जिंकला. पुरुषांचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे. तिचे मूळ घराणे आमच्या मराठवाड्यातील, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले.

आता खेळाविषयी दोन शब्द. आमच्या पिढीतील बहुतेकांनी हा खेळ अंगणात खेळला आहे. परंतु घरातील लहान मुलांस तो समजावून सांगण्याची वेळ आज आली आहे, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असे मैदान, त्याच्या मधोमध एक पाटी, पाटीच्या दोन टोकांस दोन खांब. पारंपरिक खेळात पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ गडी पाटीवरील चौरसांत आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात व नववा धावतो. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने येतात. पळणाऱ्यास बसलेल्या दोघांमधून वाटेल तिकडे निसटण्याची मुभा आहे. धावणाऱ्यास मात्र पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांबास वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणजे ज्याने पकडावयाचे त्याच्याच पायांत नियमांची बेडी, आणि ज्याने पळावयाचे तो मोकळा!

ह्या बेडीतून सुटण्याचा मार्ग एकच: खो. आपणास जे साधत नाही ते ज्याला साधेल अशा बसलेल्या गड्यास मागून खो द्यावयाचा, आणि आपण निमूटपणे त्याच्या जागी बसावयाचे. ज्याने दहा पावले धावून पळणाऱ्यास दमविले त्याचे नाव गुणपत्रिकेत लागत नाही. जो शेवटी सूर मारून स्पर्श करितो त्याचे लागते. बसलेल्याचेही काम हलके नसते. आपल्या पाठीमागे काय चालले आहे ह्याचे अवधान ठेवून, खो मिळताक्षणी बाणासारखे सुटावयाचे, आणि खो मिळण्यापूर्वी तिळभरही उठावयाचे नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्या आमच्या वाचकांस ह्या नियमांचा अर्थ विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. विश्वचषकात ह्या पद्धतीत फरक करण्यात आला. नऊऐवजी सातच गडी मैदानात, पाळी नऊऐवजी सात मिनिटांची, आणि धावणाऱ्यांपैकी ‘वजीर’ नामक एका गड्यास दिशेचे बंधन नाही. खेळ त्यामुळे अधिक वेगवान व प्रेक्षणीय झाला हे खरे; जुन्या जाणत्यांस त्यातील संयमाचा रस थोडा उणावल्यासारखा वाटला, तर त्यांसही सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही.

खेळ जुना असला तरी त्यास नियमांची चौकट मिळाली ती महाराष्ट्रात. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधण्याचे काम हाती घेतले. पुढे १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत जाऊन देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे, तर महिलांची पुढील वर्षी कोल्हापूर येथे झाली. म्हणजे स्त्रियांचा खो-खो हे काही कालपरवाचे नवल नव्हे. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचा अंतर्भाव झाला, आणि तेथेही दोन्ही सुवर्णपदके भारतानेच जिंकली.

गुवाहाटीच्या महिला संघाचे नेतृत्व सारिका काळे हिने केले. ती धाराशिवची. घरची स्थिती अशी की कित्येक वर्षे दिवसातून एकच वेळ पोटभर जेवण मिळे, असे तिनेच पुढे सांगितले आहे. तीच मुलगी २०२० साली अर्जुन पुरस्काराची मानकरी झाली. त्यापूर्वीची वीसेक वर्षे खो-खोच्या एकाही खेळाडूस तो सन्मान लाभला नव्हता. दिल्लीच्या विजयी संघातील अश्विनी शिंदे हीसुद्धा धाराशिवचीच. त्याच संघात ओडिशाची मगई माझी, जम्मू-काश्मीरची नाझिया बीबी, कर्नाटकाची चैत्रा अशा मुली होत्या. ज्या मराठवाड्याचे नाव वृत्तपत्रांत अवर्षण, कर्ज व टँकर ह्यांच्याच संगतीने येते, त्याच भूमीने ह्या खेळास दोन कर्णधार द्यावेत, ही गोष्ट आम्हांस चषकाहूनही मोलाची वाटते. ह्या खेळास पाणी लागत नाही, हिरवळ लागत नाही, मोलाची साधने लागत नाहीत. लागतात त्या दोन खांब, थोडी सपाट जमीन आणि शिकविणारा एक तळमळीचा माणूस.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो, व तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेपक म्हणतात, ‘ज्या देशांनी हा खेळ कालपरवा शिकून घेतला त्यांस १५७ गुणांनी हरविण्यात कसला पुरुषार्थ? हे म्हणजे मातृभाषेच्या परीक्षेत परक्यांवर मात करून पहिले येणे!’ आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि आम्ही दोन गोष्टी सुचवितो. एक म्हणजे, कोणत्याही खेळाची पहिली जागतिक स्पर्धा विषमच असते. जो खेळ ज्याच्या घरचा तो आरंभी जिंकावयाचाच. दुसरी अधिक महत्त्वाची. सलामीस नेपाळने आपल्या पुरुषांस पाच गुणांच्या अंतरावर येऊन गाठले होते. शेजारच्या ह्या लहानशा देशाने दोन्ही विभागांत अंतिम सामना गाठला, ह्याचा अर्थ अंतर वाटते तितके मोठे नाही.

हॉकीचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. १९२८ पासून १९५६ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके आपण जिंकिली. पुढे खेळ गवतावरून कृत्रिम हिरवळीवर गेला. १९७६ साली माँट्रियल येथे प्रथमच त्या हिरवळीवर ऑलिंपिकचे सामने झाले, आणि आपण सातव्या स्थानी फेकले गेलो. पुन्हा ऑलिंपिकचे पदक गळ्यात पडावयास, १९८० चा मॉस्कोचा अपवाद वगळता, २०२१ साल उजाडावे लागले. खेळाचे कसब आपलेच होते. नवी भूमी मात्र ज्यांच्या मुलांस सरावासाठी मिळाली ते पुढे गेले. खो-खोही आता मातीवरून मॅटवर गेला आहे. मातीवर वाढलेल्या मुलामुलींस मॅटवर सूर मारण्याचा, वळण्याचा, थांबण्याचा सराव निराळा करावा लागतो. तालुक्याच्या गावी मॅट नाही आणि स्पर्धा मॅटवर, अशी विसंगती राहिली, तर हॉकीची कथा पुन्हा लिहिली जाणारच नाही असे कोणी सांगावे? २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळावे म्हणून भारताने २०२४ साली रीतसर इरादा कळविला आहे. बर्लिनच्या प्रात्यक्षिकांस त्या वर्षी शंभर वर्षे पुरी होतील. तोपर्यंत जग हा खेळ शिकेल; प्रश्न आपण तो विसरणार किंवा कसे, हा आहे.

साधनांच्या अभावीही माणसे काय करू शकतात, ह्याचा आणखी एक दाखला त्याच वर्षी मिळाला. जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात भारतीय महिलांच्या बर्फावरील हॉकी संघाने कांस्यपदक मिळविले. ह्यांतील बहुतेक मुली लडाखच्या. थंडीत तळी गोठली की सराव करावयाचा, आणि बर्फ वितळले की थांबावयाचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. वाळवंटातील कृत्रिम बर्फावर जाऊन त्यांनी पदक आणिले. लडाखची गोठलेली तळी आणि धाराशिवची तापलेली माती ह्यांत साम्य एवढेच की, दोन्हीकडच्या मुलींनी जे हाताशी होते त्यावर भागविले व तक्रारीत वेळ दवडला नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. आमचे आयुष्य शिकविण्यात गेले. त्या काळात एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहण्यात आली. पाचवी ते आठवीपर्यंत सुखवस्तू व सुशिक्षित घरांतील मुली मैदानात उत्साहाने पळत. नववीचे वर्ष लागले की पालकांची चिठ्ठी येई: ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हिला शिकवणीस जावयाचे असल्याने खेळातून मोकळे करावे.’ मुलांच्या बाबतीतही निराळा प्रकार नव्हता. संघात मागे राहत त्या मोलमजुरी करणाऱ्यांच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या मुली. आणि त्याच पुढे जिल्ह्याचे नाव राखीत. त्यांनी ते राखिले ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपण टाळ्या वाजवावयाच्या आणि धावावयाचे दुसऱ्यांच्या लेकींनी, ही वाटणी आम्हांस शोभादायक वाटत नाही. कुमारसंभवातील शरीरमहत्त्वाचे वचन आपण मुलांकडून पाठ करवून घेतो; पाठांतर चालू असताना ते शरीर सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसलेले असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

ह्यात सारा दोष पालकांचा नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याचे विभागीय क्रीडासंकुल आहे, आमखास मैदान आहे. परंतु दूरच्या वसाहतींतील मुलास तेथवर पोहोचविणे सोपे नाही. जुन्या वाड्यांची अंगणे गेली, नव्या इमारतींखालची जागा मोटारींनी व्यापिली. तरीही थोडे करता येण्याजोगे आहे. शाळेच्या पालकसभेत आपण गुणांविषयी दहा प्रश्न विचारितो. त्यांत एक प्रश्न मैदानाविषयीही विचारावा. शाळेत खो-खोचे खांब उभे आहेत काय? आठवड्यास खेळाचे किती तास प्रत्यक्ष होतात, आणि किती गणिताकडे वळविले जातात? मुलीस शाळेच्या संघात घेतले तर घरातील वडीलधाऱ्यांनी ‘आता हे पुरे’ असे म्हणण्यापूर्वी एक सामना जाऊन पाहावा. सुटीत घरी जमलेल्या पोरांस आजीनेच दोन डाव शिकवावेत. तिच्या पायांस आता धावणे साधणार नाही, पण खो कोणत्या क्षणी द्यावा हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार?

दहावीची परीक्षा महत्त्वाची आहे, ह्याविषयी आमच्यासारख्या मास्तराचे दुमत असण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की, दिवसाच्या चोवीस तासांतून एक तास मैदानास दिल्याने कोणाचे गुण बुडाल्याचे आम्ही पाहिले नाही. उलट, जी मुले खेळून येत ती वर्गात पेंगत नसत, आणि अपयश आले तर फार दिवस खचून बसत नसत. पळताना हुलकावणी चुकली की बाद व्हावे लागते, आणि पुढल्या पाळीस पुन्हा उभे राहावे लागते, ही शिकवण त्यांस पुस्तकाबाहेर मिळालेली असे.

प्रियांका, प्रतीक आणि त्यांचे सारे सहकारी ह्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करितो. त्यांनी आपल्या वाट्याचे धावून झाले आहे, आणि खो आता आपल्या पाठीवर पडला आहे. तो मिळाल्यावर बसून राहणे नियमबाह्य आहे, हे घरातील लहान मुलेही सांगतील.