कनिष्ठ संघाचा खर्च कोणी सोसावा?

सार्वजनिक वस्तू व खासगी वस्तू यांच्या दरम्यान ‘क्लब वस्तू’ हा एक प्रकार येतो. सभासदांपुरती खुली असलेली आणि त्यांच्या वर्गणीतून चालणारी सोय म्हणजे क्लब वस्तू. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये तिचा सिद्धान्त मांडला. कोलकात्यात मात्र तो व्यवहार तत्पूर्वी सुमारे ऐंशी वर्षे रूढ होता. आर्यन क्लब १८८४ चा, मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकणारा मोहन बागान हा असाच सभासदांचा क्लब होता.

तेथील ‘मैदान’ या विस्तीर्ण मोकळ्या जागेचा ताबा लष्कराकडे आहे. त्यामुळे तिथल्या क्लबांच्या वास्तूंना आजही ‘तंबू’ म्हटले जाते. तारण ठेवावी अशी स्वतःची जमीन नाही. सभासद आणि खेळाडू हेच भांडवल.

येथेच खरा पेच उद्भवतो. सभासद वर्गणी देतो ती मुख्यतः वरिष्ठ संघाच्या विजयासाठी. कनिष्ठ संघावर खर्च केलेला पैसा अनेक वर्षांनी फळतो आणि तोवर मुलगा मोठ्या क्लबात गेलेला असतो. अर्थशास्त्रात यास अनुकूल बाह्य परिणाम म्हणतात : लाभ एकाला, खर्च दुसऱ्याला. परिणामी प्रशिक्षणावरील गुंतवणूक आवश्यकतेपेक्षा कमी राहते. (कोल्हापुरातील तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांनाही हा अनुभव नवा नसावा.)

१९९८ मध्ये मोहन बागान व ईस्ट बंगाल यांनी यूबी समूहाशी भागीदारी केली. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीकेशी एकत्र आला. कंपन्यांचे भांडवल शिखरावर आले. वस्तीतील क्लबापर्यंत ते आपोआप झिरपेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

यावर ‘फिफा’ने २००१ मध्ये एक उपाय योजला. करार संपण्यापूर्वी खेळाडू परदेशी क्लबाकडे गेल्यास हस्तांतरण रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १ कोटी रुपयांच्या व्यवहारात ५ लाख वाटपाला येतात. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक वर्षासाठी त्यातील ५ टक्के, म्हणजे २५ हजार रुपये; ही चारही वर्षे सांभाळणाऱ्या क्लबाला १ लाख. पुढील प्रत्येक वर्षाचा वाटा दुप्पट असतो. अट एकच, परंतु लहान क्लबांना जड जाणारी : त्या वयात मुलाची रीतसर नोंदणी झालेली असली पाहिजे.